निळ्या झाकणाची नळी

हट्टा रोड हे बालाघाट–गोंदिया रेल्वेमार्गावरचं लहानसं स्टेशन. गाव मध्य प्रदेशात, पण दुखणं वाढलं की माणसं गाडी पकडतात ती गोंदियाची, आणि तिथे भागलं नाही तर नागपूरची. यात नवल काही नाही. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला तोच भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून, आणि १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच होती. बोलणं पोवारी, मराठी, हिंदी असं मिसळलेलं. डॉक्टरची चिठ्ठी मात्र इंग्रजीत. त्या चिठ्ठीवर कधीकधी एक ओळ असते: एपीएलए प्रोफाइल. ही टिपणं त्या ओळीबद्दल.

*

कुणाला लिहून देतात? धडधाकट तरुणाचा एक पाय अचानक सुजतो आणि सोनोग्राफीत शिरेमध्ये गुठळी दिसते. पस्तिशीतल्या बाईला लकवा मारतो. ना बीपी, ना शुगर. आणि तिसरी म्हणजे दोन-तीनदा पोट पडलेली सून. तिच्या बाबतीत चिठ्ठी मिळेपर्यंत घरात बरंच बोलून झालेलं असतं. नजर, बाहेरचं, पायगुण, सगळं. मग कुणी डॉक्टर म्हणतो, रक्त तपासू. सासू शेजारणीला सांगते, "रक्त गाढं झालं म्हणते डाक्टर." ढोबळमानाने सासू बरोबर आहे.

आपल्या पेशींच्या आवरणात फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात. त्यांना आणि त्यांना चिकटणाऱ्या प्रथिनांना, मुख्यतः बीटा-टू ग्लायकोप्रोटीनला, शरीर परकं समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग रक्त नको तिथे गोठतं: पायाच्या शिरेत, मेंदूच्या धमनीत, गर्भिणीच्या वारेत. वारेत गुठळ्या होणं हे गर्भ जाण्याचं एक कारण. ही प्रतिपिंडं वारेच्या वाढीतही बिघाड करतात. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या सगळ्या तक्रारी एका आजाराखाली आणल्या. त्याला अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात; चिठ्ठीवरचं एपीएलए म्हणजे हीच अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं.

*

प्रोफाइलमध्ये तीन तपासण्या. अँटीकार्डिओलिपिन, अँटी-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन आणि लुपस अँटीकोॲग्युलंट. पहिल्या दोन तुलनेने सोशिक. साध्या सीरमवर होतात, प्रतिपिंड किती आहे ते आकड्यात मोजतात, रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तरी त्यांना फरक पडत नाही.

तिसरी नाजूक. ती प्रतिपिंड थेट मोजतच नाही. प्लाझ्मा गोठायला किती सेकंद लागतात ते पाहून प्रतिपिंड आहे की नाही याचा अंदाज बांधते. आणि धोका सांगण्यात तिघींत हीच सर्वांत पुढे.

तिच्यात एक चकवा आहे. ही प्रतिपिंडं असली की नळीतलं रक्त उशिरा गोठतं आणि माणसाच्या अंगातलं लवकर. नळीत गोठण्याच्या प्रक्रियेला फॉस्फोलिपिडचा पृष्ठभाग लागतो, तो प्रतिपिंडं अडवून बसतात, म्हणून उशीर. अंगात हीच प्रतिपिंडं रक्तवाहिन्यांच्या अस्तराला आणि प्लेटलेटना चिथावतात, म्हणून गुठळी. १९५२ मध्ये कॉन्ली आणि हार्टमन यांनी लुपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) दोन रुग्णांत हा उशीर नोंदवला. साहजिकच असल्या रुग्णांना रक्तस्राव होईल अशी भीती. १९६३ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की यांना तर उलट गुठळ्या होताहेत. तरी १९७२ मध्ये 'लुपस अँटीकोॲग्युलंट', म्हणजे लुपसमधलं गोठणं अडवणारं, हेच नाव पक्कं झालं. आज गोंदियाच्या कलेक्शन सेंटरमधून रिपोर्ट हातात घेतलेला भाऊ मोबाइलवर शोधतो आणि दोन चुकीच्या गोष्टी घरी घेऊन जातो: बहिणीला लुपस आहे, आणि तिला रक्तस्राव होणार आहे. ही प्रतिपिंडं असलेल्या अनेकांना लुपस नसतोच.

*

आता घोणस.

भातशेतीच्या मुलखात घोणशीची ओळख करून द्यायला नको. बांधावर, तणसाच्या ढिगाखाली, कापणीच्या दिवसांत तर हमखास. ती चावली की विष रक्तातला गोठण्याचा सगळा माल एकदम वापरून टाकतं. थोड्या वेळाने रक्त गोठतच नाही, हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं. ग्रामीण दवाखान्यात याची तपासणी अगदी सोपी आहे. दोन मिलिलिटर ताजं रक्त, नवी कोरडी काचेची नळी, वीस मिनिटं हात न लावता उभी ठेवायची, मग एकदा तिरपी करायची. रक्त वाहिलं तर प्रतिविष सुरू. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेली चालत नाही, कारण गोठणं सुरू करून देते ती काच.

याच सापाचं विष लुपस अँटीकोॲग्युलंट शोधायला वापरतात. अतिशय पातळ करून, मोजून. तपासणीचं नावच डायल्यूट रसेल्स व्हायपर व्हेनम टाइम. प्रयोगशाळेतले लोक डीआरव्हीव्हीटी म्हणतात. रसेल म्हणजे पॅट्रिक रसेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात विशाखापट्टणला राहिलेला स्कॉटिश डॉक्टर. त्याने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवर १७९६ मध्ये ग्रंथ काढला. १९३४ मध्ये इंग्लंडात मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला हे विष लावून पाहिलं. आणि १९८६ मध्ये पेरुमल त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पातळ विषाची ही तपासणी मांडली.

युक्ती अशी. रक्त गोठण्याच्या साखळीत बऱ्याच कड्या असतात, त्यातली कुठलीही कमी असली तरी वेळ लांबतो. घोणशीचं विष वरच्या कड्या वगळून थेट दहाव्या घटकाला जागं करतं. त्यामुळे वरचे घोटाळे, म्हणजे आठव्या किंवा नवव्या घटकाची कमतरता, बाजूला पडतात. उरतो तो फॉस्फोलिपिडचा भाग, आणि नेमका तोच तपासायचा असतो.

पहिल्या पायरीवर वेळ लांबला तर दुसऱ्या पायरीवर रुग्णाच्या प्लाझ्मात निरोगी लोकांचा एकत्र केलेला प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळतात. एखादा घटक कमी असेल तर मिसळल्यावर वेळ सुधारतो. अडवणारं काही असेल तर सुधारत नाही. तिसऱ्या पायरीवर फॉस्फोलिपिड मुद्दाम भरपूर घालतात. प्रतिपिंडं त्यातच गुंतून संपतात आणि वेळ पुन्हा जवळजवळ नेहमीवर येतो. असं झालं तरच तपासणी पॉझिटिव्ह. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की एकट्या डीआरव्हीव्हीटीवर थांबू नये, एपीटीटी या गोठण्याच्या नेहमीच्या तपासणीवर आधारलेली दुसरी तपासणीही करावी, कारण एकीत सुटलेलं दुसरीत सापडतं.

घोणशीचं विष प्रतिविषासाठीही लागतं आणि या तपासणीसाठीही. हट्ट्याच्या शेतकऱ्याला त्यातलं एक माहीत आहे, दुसरं त्याच्या सुनेच्या चिठ्ठीवर इंग्रजीत असतं.

*

सॅम्पल. इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते ही तपासणी बिघडते ती मुंबई-नागपूरच्या मशीनवर कमी आणि सुई टोचल्यापासूनच्या पहिल्या चार तासांत जास्त.

लुपस अँटीकोॲग्युलंटसाठी रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट आधीच मोजून भरलेलं असतं: नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. म्हणजे खुणेपर्यंत भरली पाहिजे. धान मापताना पायली जशी काठोकाठ भरतात आणि वर फळी फिरवतात, तसं. कमी नको, जास्त नको. शीर नीट सापडली नाही, बाई अशक्त, अर्धी नळी झाली, "चालेल, पाठवून देऊ" म्हणून पाठवली, की सायट्रेट जास्त होतं आणि वेळ खोटाच लांबतो. दोष रक्तात नाही, मापात.

मग नळी हलक्या हाताने उलटीपालटी करायची, झटकायची नाही. नेहमीच्या तापमानाला ठेवायची. बर्फावर ठेवायची नाही! मे महिन्यात बालाघाटकडे ऊन मी म्हणतं, तेव्हा कुणीही चांगल्या मनाचा माणूस आइस पॅक घालणार. लसीला ते बरोबर. या पूर्ण रक्ताला नाही. गारठ्याने प्लेटलेट आणि गोठण्याचे काही घटक बिघडतात.

चार तासांच्या आत सेंट्रिफ्यूजवर फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा. वेगळा केलेला प्लाझ्मा दुसऱ्या नळीत घेऊन पुन्हा एकदा फिरवायचा. दोनदा. हे दुसरं फिरवणं टाळलं जातं, आणि नेमकं तेच सगळ्यांत महत्त्वाचं. का ते सांगतो. एकदाच फिरवलेल्या प्लाझ्मात थोड्या प्लेटलेट राहून जातात. प्लाझ्मा गोठवून पुढे पाठवला आणि तिथे वितळवला की त्या फुटतात, आणि त्यांच्या आवरणातलं फॉस्फोलिपिड प्लाझ्मात सुटतं. वर सांगितलेल्या तिसऱ्या पायरीवर प्रयोगशाळा जे मुद्दाम घालते, ते इथे नकळत आधीच पडलेलं असतं. प्रतिपिंडं त्यात गुंततात, वेळ सरळ येतो, रिपोर्ट निगेटिव्ह. बाईला सांगितलं जातं, तुला काही नाही.

त्या निगेटिव्हवर कुणी सही केली, कुठल्या मशीनवर झाला, त्या प्रयोगशाळेला कुठलं प्रमाणपत्र आहे, हे सगळं रिपोर्टवर असतं. प्लाझ्मा किती वेळा फिरवला ते नसतं.

*

हट्टा नावाची गावं अनेक. एक हे, एक दमोह जिल्ह्यातलं, एक हिंगोलीतलं, वसमतजवळचं. सॅम्पलबरोबरच्या फॉर्मवर जिल्हा लिहावा. गंमत म्हणून सांगत नाही. कुरिअरने फिरणाऱ्या नळीवर नाव, वय आणि ठिकाण एवढीच ओळख असते.

फॉर्मवर त्याहून जास्त गरजेची गोष्ट म्हणजे चालू औषधं. हेपॅरिनचं इंजेक्शन, वॉरफरिन, ॲसिट्रोम, नव्या पद्धतीच्या रिव्हरॉक्साबॅनसारख्या गोळ्या, सगळी लुपस अँटीकोॲग्युलंटचा निकाल ढवळून टाकतात. रिव्हरॉक्साबॅनवर असलेल्या माणसाचा डीआरव्हीव्हीटी खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. पण हे वाचून तपासणीसाठी म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. गुठळी झालेल्या माणसाने चार दिवस गोळी सोडणं हे चुकीच्या रिपोर्टपेक्षा कितीतरी महाग पडू शकतं. थांबवायची की नाही, बदलायची की काय, हे डॉक्टर ठरवतील. आपण फक्त फॉर्मवर लिहायचं.

*

या भागात रक्त तपासणी म्हटलं की लोकांना आठवतो सिकलसेल. बरोबरच आहे. नागपूरहून शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापली. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच, शहडोलला सुरू झालं. शाळेत, आश्रमशाळेत, शिबिरात बोटातून रक्त घेतलं, कार्ड मिळालं. ते कार्ड जन्मभराचं. जनुक बदलत नाही, म्हणून एकदा नीट झालेली तपासणी पुरते.

प्रतिपिंडांचं तसं नसतं. ती येतात, जातात. आणि घोटाळा इथेच होतो: सिकलसेलच्या कार्डाची सवय झालेलं घर हा रिपोर्टही कार्डासारखाच प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतं. पॉझिटिव्ह म्हणजे कायमचं पॉझिटिव्ह, असं समजून.

नियम असा आहे की पॉझिटिव्ह आलेली तपासणी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करायची. या आजाराच्या १९९९ च्या सापोरो निकषांत हे अंतर ६ आठवडे होतं. २००६ च्या सिडनी निकषांत ते १२ झालं. कारण साधं. एखाद्या संसर्गानंतर ही प्रतिपिंडं काही आठवडे उगाच वर येतात आणि आपोआप ओसरतात. त्या संसर्गांच्या यादीत हिवताप आहे, कुष्ठरोग आहे, सिफिलिस आहे, कितीतरी विषाणूंचे ताप आहेत. आता बालाघाट जिल्हा घ्या. बैहर, बिरसा, लांजी या जंगलपट्टीत हिवताप जुना. जबलपूरच्या आयसीएमआर संस्थेने वर्षानुवर्षं इथे त्यावर काम केलं आहे. श्रावणात तापाने निजलेल्या बाईचं रक्त भाद्रपदात तपासलं आणि अँटीकार्डिओलिपिन थोडं वर आलं, तर त्यावरून तिला आयुष्यभराचं लेबल लावणं चूक. पण पुन्हा न तपासता सोडून देणंही चूकच. मार्गशीर्षात पुन्हा बोलवायचं.

पुन्हा बोलवलं की माणसं येत नाहीत. एक तर पैसे. दुसरं म्हणजे तोवर धान कापणी आलेली असते. तिसरं, आणि माझ्या दृष्टीने हे खरं, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की पहिली तपासणी अर्धी होती.

*

थोडं वर आणि बरंच वर यात फरक आहे. सिडनी निकषांत अँटीकार्डिओलिपिन ४० युनिटच्या वर किंवा निरोगी लोकांतल्या ९९ टक्क्यांहून जास्त असेल तरच मोजायचं. २०२३ च्या नव्या वर्गीकरणात ४० ते ७९ मध्यम आणि ८० पासून पुढे जास्त. आणि प्रतिपिंडाचा नुसता आयजीएम प्रकार वर असेल तर त्याला फार कमी वजन. (हे वर्गीकरण संशोधनासाठी आहे, दवाखान्यात निदानाचा कायदा म्हणून नव्हे. पण डॉक्टर माणसंच, तेही निकष पाहतातच.) रिपोर्टवर १४ आकडा ठळक अक्षरात छापलेला असतो, पुढे वरच्या दिशेचा बाण. त्या बाणाने किती घरांची झोप उडवली असेल. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असणं ही खरी काळजीची गोष्ट.

*

जुनी गोष्ट, पण सोडवत नाही. १९०६ मध्ये वासरमान यांनी सिफिलिसची रक्त तपासणी काढली. ती नेमकी काय ओळखते हे पुढे बरीच वर्षं कळलं नव्हतं. १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न या अमेरिकी संशोधिकेने बैलाच्या हृदयातून तो पदार्थ वेगळा काढला. हृदयातला म्हणून कार्डिओलिपिन. सिफिलिसची व्हीडीआरएल तपासणी त्याच्यावरच उभी आहे. म्हणजे अँटीकार्डिओलिपिन प्रतिपिंडं असलेल्या बाईची व्हीडीआरएल सिफिलिस नसताना पॉझिटिव्ह येऊ शकते.

गर्भिणीची व्हीडीआरएल आपल्याकडे नेमाने होत आली. सिफिलिसला गावात 'गुप्तरोग' म्हणतात. आता कल्पना करा: पोट पडलेलं, वर रिपोर्टवर गुप्तरोग. नवरा बायकोकडे पाहतो, बायको नवऱ्याकडे. टीपीएचए नावाची दुसरी तपासणी केली की खोटं लगेच उघडं पडतं. ती न करता नुसती व्हीडीआरएल सांगणं हा माझ्या मते वैद्यकीय हलगर्जीपणापेक्षा काहीतरी जास्त आहे.

*

मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. त्याआधी पाच वर्षं भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला होता. कांजाक्ष घोष, श्रीमती शेट्टी यांनी तिथे वारंवार गर्भपात आणि या प्रतिपिंडांवर काम केलं आहे. याच संस्थेचं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र चंद्रपूरला झालं, ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचं लोकार्पण झालं. रक्ताच्या आजारांचा एवढा मोठा मुलूख, म्हणून ते इथे आलं हे चांगलंच. गोठण्याच्या तपासण्यांसाठीही या पट्ट्यात असं एक नीट केंद्र असावं.

*

एवढा खटाटोप कशासाठी, तर उपचार आहे म्हणून. १९९७ मध्ये लंडनला राज राय आणि सहकाऱ्यांनी ही प्रतिपिंडं असलेल्या आणि वारंवार गर्भपात झालेल्या ९० बायकांना दोन गटांत विभागलं. नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के बायकांना जिवंत मूल झालं. ॲस्पिरिनबरोबर हेपॅरिनची इंजेक्शनं दिली तर ७१ टक्के. लहान अभ्यास आहे, पुढच्या अभ्यासांत आकडे खालीवर झाले, पण उपचाराची दिशा तीच राहिली. रोज पोटाच्या कातडीखाली सुई, महिनोनमहिने. आशाताई किंवा नणंद टोचायला शिकते.

ज्यांना गुठळी होऊन गेली त्यांना वॉरफरिन, दर थोड्या दिवसांनी आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा), तो दोन ते तीनच्या मध्ये राखायचा. नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही म्हणून खेड्यातल्या माणसाला त्या सोयीच्या वाटतात. पण तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्यांत रिव्हरॉक्साबॅनची वॉरफरिनशी तुलना करणारी इटलीतली चाचणी, २०१८ ची, मध्येच थांबवावी लागली; नव्या गोळीवर गुठळ्या जास्त झाल्या. म्हणजे तीनपैकी किती पॉझिटिव्ह, आणि ते दोन्ही वेळा का, यावर कुठली गोळी ते ठरतं. आणि वॉरफरिनवर असलेल्या बाईला दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. ती गोळी गर्भाला घातक आहे, हेपॅरिनवर जावं लागतं.

*

कलेक्शन सेंटरमध्ये विचारायला लाजू नका: नळी खुणेपर्यंत भरली का, प्लाझ्मा दोनदा फिरवणार का, किती वेळात. विचारलं तर तिथला मुलगा रागावणार नाही. बहुधा त्यालाही कुणी पहिल्यांदाच विचारलेलं असेल. आणि पहिला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याच कागदावर दुसऱ्या तपासणीची तारीख पेनाने लिहून घ्या. डॉक्टरांनी लिहिली नाही तर मागा.